वरच्या कोपऱ्यातली माती

अक्का, काल तुमचं तेरावं झालं. पंगतीत जो तो तुमची आठवण काढत होता आणि सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट, तुमची मेथी. "अक्कासारखी मेथी कुणाला जमली नाय." "बाजारात सांगायच्या की, आमच्या भावजयीनं माती तपासलीय, डोळे झाकून न्या." डोळे झाकून! पाचोडच्या तुमच्या मावसबहिणीनं तर माझा हात धरला आणि म्हणाली, "तुझं लई कौतुक व्हतं गं तिला." मी वाढत होते. वरणाचं भांडं तिथंच कुणाच्या तरी हातात दिलं, आत गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. म्हटलं, उज्ज्वला, आज बोललीस तर बोललीस, नाहीतर जन्मभर अशीच वाढत राहशील.

तुम्हाला सांगायला तर उशीर झालाच. दहा महिने मी "या रविवारी सांगते" म्हणत राहिले. तुम्ही थांबाल असं धरून चालले होते. अहो, तुम्ही कधी कशासाठी थांबलात? चहासुद्धा उभ्यानं प्यायच्या. त्या सकाळी गोठ्यातलं शेण काढून हात धुवायला गेलात आणि हौदापाशीच खाली बसलात. डॉक्टर म्हणाले, हृदय. मेथीनं माणूस असा जात नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, मातीच्याच प्रयोगशाळेत नोकरी करते मी. पण ठाऊक असूनही जिवाला चैन नाही. तेरा दिवस झाले, एका जागी बसवत नाही. सारखं वाटतं, उठावं आणि कुणाला तरी सांगून टाकावं. ज्यांना सांगायचं होतं त्या तर तुम्हीच.

मधूनच सुरू केलेलं तुम्हाला आवडायचं नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

तीन उन्हाळ्यांमागं आपण तलावातला गाळ आणला. तलाव आटला की गाळ काढायचा आणि शेतात पांगवायचा, ही काय आपली आजची रीत नाही. आपल्या तलावाला पाणी येतं ते वरच्या कारखान्यांच्या मागून येणाऱ्या नाल्याचं. पावसाळ्यात त्या पाण्याला कधी हिरवट रंग, कधी पिवळट. गावात सगळ्यांना माहीत. ते पाणी कुणी प्यायचं नाही, जनावराला दाखवायचं नाही. पण गाळ? गाळ म्हणजे तर खत! पाण्याला नावं ठेवणारी सगळी माणसं गाळाच्या ट्रॉलीमागं पळत होती आणि त्यांच्यात सगळ्यांत पुढं तुम्ही. चिमटीत घेऊन मला दाखवलात, "बघ उजे, लोणी हाय नुसतं." मीही चिमटीत घेतला आणि मान डोलावली. पाण्यातलं जे खाली बसतं तेच गाळात येतं, हे सांगायला काय मोठं शिक्षण लागतं? पण त्या दिवशी ते माझ्या डोक्यात आलं नाही. खाली नाल्याकडच्या अर्ध्या एकराच्या पट्टीत आपण तो गाळ टाकला, आणि वर तुम्ही मला गूळ-शेंगदाणे दिलेत.

त्या हिवाळ्यात मेथी चार बोटांवर अडली. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. तुम्ही एक रोप उपटलंत, माती झटकलीत आणि माझ्या नाकासमोर धरलंत. मूळ आखूड, तपकिरी, जाडसर. बारीक तंतू एकही नाही.

"ही बघ. हिला बोटंच नायत."

इतकं नेमकं आमच्या प्रयोगशाळेत कुणी बोलत नाही, अक्का. मी तुम्हाला सांगितलं, वर भांड्यांना, गाड्यांच्या पार्टांना मुलामा देणारे कारखाने आहेत, निकेल, क्रोम असले जड धातू पाण्यातून येत असतील, ते गाळात बसतात. असा धातू मातीत जास्त झाला की मुळाचं टोक मरतं. मग जमिनीत लोह असलं तरी मुळाला ते घेता येत नाही, म्हणून पान पिवळं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मंजी समोर ताट हाय आन् हात बांधलेत." बास, तेवढंच.

मग आपली भांडणं सुरू झाली. तुमचं म्हणणं, आपलं खत टाकू, सगळं कुजतं तसं हेही कुजेल. मी म्हणायची, धातू कुजत नाही अक्का, कितीही वर्षं ठेवा. "मग खत टाकू कशाला, तुझं डोस्कं?" असं तुम्ही. मी सांगायची की चांगलं मुरलेलं खत त्या धातूला धरून ठेवतं, मुळाला सहजी सोडत नाही. शिवाय जमीन भुसभुशीत होते, गांडुळं येतात, रोपाला जोर येतो. पण धातू तिथंच राहतो, जात नाही कुठं. तुम्ही जरा वेळ विळा घासत बसलात आणि म्हणालात, "बाजारात लेकराचं मनगट धरावं तसं. लेकरू तिथंच असतं, पर रस्त्यात पळत नाय." मी हसले. मग लगेच म्हणालात, "आन् मनगट सुटलं तर?" त्याचं उत्तर मी तुम्हाला नीट दिलं नाही. उत्तर असं होतं की खत दरवर्षी घालावं लागतं, धरलेलं सोडायचं नसतं, आणि तरीही अशा जमिनीत पालेभाजी घेण्याआधी तपासल्याशिवाय पुढं जायचं नाही. मी "बघू" म्हणाले आणि गाडीत बसले.

तुमच्या खताची शिस्त मात्र काय सांगावी. दर रविवारी मी शहरातल्या, गारखेड्याच्या आमच्या फ्लॅटमधून दोन बादल्या ओला कचरा आणायची, आमचा आणि शेजारच्या तीन घरांचा. तुम्ही तो गोणपाटावर ओतायच्या आणि तांदूळ निवडावेत तसा निवडायच्या. एकदा त्यात घड्याळाचा सेल निघाला. देवा! रस्त्यावरून जाणारी माणसं थांबली अशा ओरडलात. "शिकली-सवरलेली तू, आन् माझ्या मातीच्या पोटात हे घालतीस? तिकडं कारखानेवाले आन् हिकडं तू!" मी म्हटलं, शेजारणीच्या बादलीतला असेल. तुम्ही म्हणालात, "शेजारणीची बादली कुणी आणली?" तो सेल तुम्ही देवळीत ठेवलात, दर रविवारी मला दिसेल असा. आजही तिथंच आहे. काल पाहिला.

आता त्या दिवसाचं सांगते.

दुसरा उन्हाळा. मी मातीचा नमुना घ्यायला आले. नमुना कसा घ्यायचा हे मी शेकडो शेतकऱ्यांना शिकवलंय. शेतात नागमोडी चालायचं, सात-आठ ठिकाणी वीतभर खोल खड्डा करायचा, सगळीकडची माती एकत्र करायची. बांधावरची घ्यायची नाही, झाडाखालची घ्यायची नाही आणि खताचा ढीग जिथं असतो तिथली तर मुळीच घ्यायची नाही. पण त्या दिवशी आम्हाला लग्नाला जायचं होतं. तुमचे भाऊ, माझे अहो, रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजवत होते. तुम्ही भाकरी बांधून देत होता. मी खुरपं घेतलं तशा मागून आलात आणि पट्टीच्या वरच्या कोपऱ्याकडं बोट केलंत.

"हितली घे उजे. हितली लई झाक हाय."

झाक असणारच! चार वर्षं तिथं तुमचा खताचा ढीग लागत होता. गाळही तिथं नावालाच पडला होता. पण पाहुणीला तळातलं, डागाळलेलं द्यायची तुमची रीतच नव्हती. हुरडा दिलात तर कोवळा, बोरं दिलीत तर वरची. माझ्या पिशवीत पडायची ती मातीसुद्धा तुम्हाला घरातली सगळ्यांत चांगली हवी होती. तुमच्यात खोट नव्हती, तुम्ही मला माती नाही, मान दिलात. आणि मी? मी लग्नाची साडी वर खोचून तिथलीच दोन खुरपी माती पिशवीत भरली आणि निघाले.

रिपोर्ट छान आला. धातू मर्यादेत, कर्ब भरपूर. मी फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "अक्का, भीती गेली." तुम्ही गंगापूरला जाऊन त्या कागदाला लॅमिनेशन करून आणलंत आणि पत्र्याच्या पेटीत देवाच्या फोटोशेजारी ठेवलात. त्या हिवाळ्यात पट्टीत पुन्हा मेथी लावलीत, बाजारात नेलीत, आमच्याकडं पाठवलीत.

आणि हेही सांगते, कारण हे मला सगळ्यात जास्त टोचतं. त्या हिवाळ्यात तुम्ही पुन्हा एक रोप उपटून माझ्यापुढं धरलं होतंत. खालच्या बाजूचं. "उजे, हिला अजून बोटं नायत गं." मी रोपाकडं नीट बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "अक्का, रिपोर्ट चांगला आहे ना? मग पाण्याचं काहीतरी असेल." तुम्ही एकदा मुळाकडं बघितलंत, एकदा माझ्याकडं. आणि गप्प बसलात. तुम्ही! जी बाई तहसीलच्या साहेबाला उलट बोलायची ती माझ्या एका कागदापुढं गप्प बसली. माझा तोरा बघा किती होता.

गेल्या उन्हाळ्यात देवगाव रंगारीला शेतकऱ्यांपुढं नमुन्याची माहिती सांगत उभी होते. नेहमीचंच, पाठ झालेलं. "खताचा ढीग होता त्या जागेची माती घेऊ नका" हे वाक्य तोंडातून गेलं. डोळ्यासमोर तो कोपरा आला, तुमचं बोट आलं. एका शेतकऱ्यानं विचारलं, "म्याडम, घेतली तर काय व्हतं?" मी म्हणाले, "रिपोर्ट खोटा येतो." कशीबशी खाली बसले.

त्याच रविवारी सांगायचं ठरवून आले. तुम्ही तेव्हा पट्टीत काहीतरी खणत होता. मला बघून हात पुसत आलात आणि म्हणालात, यंदा तिथं झेंडू लावणार. मला सुटल्यासारखं झालं. मेथी नाही ना, मग सांगायची घाई काय? आणि वर मी तुमची थट्टा केली. "काय हो अक्का, म्हातारपणी फुलवाल्या झालात?" तुम्ही हसलात. "व्हय, आता फुलंच इकते. खायचं तर कुणी नाय ना." हे तुम्ही म्हणालात आणि मी ऐकूनही ऐकलं नाही. नंतरचे कितीतरी रविवार तसेच गेले. शेवटच्या रविवारी तर तुम्हीच विचारलंत, "उजे, काय बोलायचंय तुला? सारखी वठावर येऊन माघारी जातीय." मी म्हणाले, काही नाही, दगदग झालीय जरा. तुम्ही माझ्या पानात आणखी एक भाकरी वाढलीत.

काल जेवणं झाल्यावर पाडव्याचा विषय निघाला, जमिनीचे नवे करार तेव्हाच होतात. पट्टी आता कोण करणार? आपल्या बांधाला लागून ज्यांचं शेत आहे ते सलीमभाई ती ठोक्यानं, वर्षाची ठरावीक रक्कम देऊन, घ्यायला तयार होते. म्हणाले, "पालक लावतो, थोडी कोथिंबीर. अक्काच्या गिऱ्हाईकाला दुसरीकडं जायला नको." अहो म्हणाले, "मातीची तर काळजीच नाही, रिपोर्ट आहे आपल्याकडं." आणि पेटीतून तो कागद काढून आणला. चकचकीत, तसाच.

मी म्हणाले, "तो फाडून टाका."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी उठून त्यांच्या हातातून घेतला आणि फाडायला गेले. लॅमिनेशन केलेला कागद फाटत नाही, अक्का. दोन्ही हातांनी ओढला, दातांनी धरला. नाहीच फाटला. मग तसाच हातात धरून सांगितलं. वरचा कोपरा, खताचा ढीग, लग्नाची साडी, हॉर्न, देवगाव, दहा महिने. सगळं. माझा आवाज चिरका झाला होता, पाचोडची तुमची मावसबहीण दारात येऊन उभी राहिली होती.

अहो म्हणाले, "वर्षभर? तिच्या समोर बसून जेवत होतीस ना गं तू?" उठून गोठ्याकडं निघून गेले. त्यांनी ओरडायला हवं होतं.

सलीमभाई मात्र बसून राहिले. टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "वैनी, जरा चला. एक दाखवतो."

पट्टीत गेलो. झेंडूचा हंगाम संपलेला, वाळकी खोडं उभी. वरच्या कोपऱ्यापासून खाली नाल्याकडं एकेक आडवी ओळ खणलेली, खत मिसळून वर पाचट पांघरलेलं. प्रत्येक ओळीच्या टोकाला एक काठी आणि काठीला तुमच्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी. मोजल्या, नऊ. दहावी अर्धी खणलेली, तिथं घमेलं पालथं. खत घातलेल्या ओळींतली खोडं अंगठ्याएवढी जाड, आणि खाली नाल्याकडची काडीसारखी. मी एक वरचं खोड उपटलं. मुळाला बोटं होती.

सलीमभाई म्हणाले, "गेल्या मेथीनंतर लागल्या व्हत्या. रोज चार-पाच घमेली, जमल तसं. आमच्या घरी बी तवापासून हितली भाजी द्यायची बंद केली. मी इचारलं, अक्का, रिपोर्ट तर चांगला हाय, मंग हे कशाला? तर म्हन्ल्या, कागद उजीचा हाय, त्याला मी खोटं म्हणणार नाय. मुळाचं माझं मी बघते."

मी तिथंच पाचटावर बसले. आधी काय आलं असेल तर राग आला, खरं सांगते. तुमच्यावर. का नाही बोललात? घड्याळाच्या एका सेलासाठी अख्खं गाव गोळा केलंत आणि यासाठी एक शब्द नाही? एक शिवी घालायची होती. माझ्या तोंडावर तो कागद फेकायचा होता. तुम्ही घमेली वाहत राहिलात आणि मी दर रविवारी येऊन तुमच्याच हातची भाकरी खाऊन, तुम्हालाच हसून गेले. त्या दिवशी मला बघून तुम्ही हात पुसत आलात, ते हेच खणत होता ना? पहिलीच ओळ असेल ती.

राग उतरायला वेळ लागला. उतरला तेव्हा रडू आलं. सलीमभाई पाठ करून नाल्याकडं बघत उभे राहिले. भला माणूस.

त्या एका हिवाळ्याची मेथी मात्र गेली ती गेली. ती कुणाकुणाच्या घरी शिजली, कुणाच्या लेकरांनी खाल्ली, ते आता मला कोण सांगणार? एका हंगामाच्या भाजीनं कुणाचं काही बिघडलं नसेल, असं मी स्वतःला समजावते. माझ्याकडं दुसरा कुणी आला असता तर मी त्याला असं सांगितलं असतं का? नसतं सांगितलं. म्हटलं असतं, तपासल्याशिवाय बोलू नका. हे माझ्या अंगावर राहणार आहे, अक्का. तुम्ही असतात तरी ते तुम्हाला पुसता आलं नसतं.

आज सकाळी पुन्हा गेले. साधी साडी, कुणाचा हॉर्न नाही. अहो स्वतःहून बरोबर आले, रात्रीपासून पहिल्यांदा बोलले ते एवढंच, "खुरपं कुठाय?" मी पट्टीत नागमोडी चालले, नाल्याकडच्या बाजूला आठ ठिकाणी खणलं. सगळीकडची माती गोणपाटावर एकत्र केली, ढेकळं फोडली, चार वाटे केले, समोरासमोरचे दोन टाकले, पुन्हा चार केले. जसं शिकवते तसं, एकही पायरी न सोडता. तुमच्या नऊ ओळींची पिशवी वेगळी भरली. वरच्या कोपऱ्याकडं बघितलंही नाही. सलीमभाईंनी पालकाचं बी परत ठेवून दिलंय. म्हणाले, कागद येईपर्यंत झेंडूच, आणि कागद वाईट आला तर पुढंही झेंडूच. नाल्याच्या तोंडाशी आधी बांध घालावा लागेल, नाहीतर दर पावसात तेच पाणी पुन्हा पट्टीत. ते अहो बघतो म्हणालेत.

फॉर्म भरायला बसले. त्यात एक रकाना असतो, मागील तपासणीचा तपशील. लोक तो रिकामाच सोडतात. मी लिहिलं: "मागील नमुना खताच्या ढिगाच्या जागेचा होता. चूक नमुना घेणारीची." खाली माझं नाव लिहिलं, पूर्ण. सोमवारी साहेबांच्या टेबलावर तो जाईल. काय व्हायचं ते होऊ दे.

अक्का, कागद खोटा होता. मुळं खरी होती. हे तुमच्या तोंडावर म्हणायचं राहिलं.

दहावी ओळ मी घेतलीय. दोन बादल्या आणल्यात. गोणपाटावर ओतून दोनदा निवडल्यात, सेल नाही.